पाण्यातला अमोनिया: पिवळ्या नळीपासून निळ्या यंत्रापर्यंत

गिरगाव-परळच्या विहिरी आणि तलावांवर भागवणाऱ्या मुंबईसाठी विहार धरणाचं काम 1856 मध्ये सुरू झालं. त्याच साली जर्मनीत युलियस नेस्लर या कृषिरसायनज्ञाने पाऱ्याचं एक द्रावण तयार केलं. पाण्यात अमोनिया असला की ते टाकताच रंग पिवळा होतो, जास्त असला तर तपकिरी. विहारचं पाणी 1860 मध्ये शहरात पोचलं, तोवर ते तपासायची रीत तयार होती.

मैला कुजला की आधी अमोनिया होतो. पुढे जिवाणू त्याचं नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. म्हणजे अमोनिया सापडला तर घाण ताजी आहे. जिवाणू मोजायची सोय नव्हती, त्या काळात हीच साक्ष ग्राह्य होती. पांढऱ्या फरशीवर नेस्लरच्या नळ्या ओळीने मांडायच्या, वरून डोकावायचं आणि माहीत असलेल्या द्रावणाशी रंग जुळवायचा. समुद्राच्या पाण्यात मात्र कॅल्शियम-मॅग्नेशियममुळे सगळं गढूळ होई, म्हणून नमुन्याचं आधी ऊर्ध्वपातन करावं लागे. शिवाय पारा विषारी.

यंत्राला हवा होता तो रंग दुसऱ्याच वाटेने आला. 1859 मध्ये फ्रान्समध्ये बर्थेलोने पाहिलं, की अमोनियात फिनॉल आणि हायपोक्लोराइट मिसळलं तर गडद निळा रंग येतो. जवळपास शंभर वर्षांनी, 1957 मध्ये, अमेरिकेत लिओनार्ड स्केग्ज यांनी रक्ताच्या तपासणीसाठी एक पद्धत मांडली. बारीक नळीतून नमुने एकामागून एक वाहतात आणि मध्ये हवेचे बुडबुडे सोडलेले असतात. लोकलच्या डब्यांसारखे नमुने एकाच रुळावरून जातात, पण एकमेकांत मिसळत नाहीत. पाण्याच्या प्रयोगशाळांनी ही पद्धत उचलली आणि बर्थेलोचा निळा रंग तिच्यात बसवला.

आजच्या स्वयंचलित यंत्राच्या पेटीतही तेच चालतं. पंप पाणी गाळणीतून ओढतो. त्यात सॅलिसिलेट (फिनॉलऐवजी, ते कमी घातक म्हणून), क्लोरीन देणारं द्रावण आणि चिमूटभर उत्प्रेरक मिसळतं. रंग चढेपर्यंत थांबून दिवा आरपार सोडला जातो. किती प्रकाश गिळला गेला त्यावरून आकडा निघतो. अधूनमधून यंत्र माहीत असलेलं द्रावण घेऊन स्वतःला तपासतं. पावसाळ्यात गाळणी गाळाने तुंबते, उन्हाळ्यात रसायनं लवकर उतरतात, माणूस लागतोच.

दुसरा मार्ग इलेक्ट्रोडचा. अमोनियम आयन थेट ओळखणारा इलेक्ट्रोड नदीत चालतो. माहीमच्या खाडीत सोडियम-पोटॅशियम त्याला फसवतात. तिथे पाण्यात अल्कली टाकून सगळा अमोनिया वायुरूपात आणायचा आणि पातळ पडद्याआड पकडायचा, हे बरं.

एवढा खटाटोप कशाला? प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या देखरेखीत गिरगाव चौपाटी, हाजी अली, वरळी, माहीम ही ठिकाणं आहेतच. पण बाटलीत भरलेलं पाणी त्या घटकेपुरतंच बोलतं. भरतीला खाडीत समुद्र शिरतो, ओहोटीला मिठी नदी आणि नाले. शिवाय माशांना मारतो तो मुख्यतः मुक्त, म्हणजे अमोनियम आयन न झालेला अमोनिया. 30 अंशांच्या गोड्या पाण्यात सामू (pH) 7 असताना एकूण अमोनियातला एक टक्काही मुक्त नसतो. 8 ला सुमारे 7 टक्के, 9 ला जवळजवळ 45. बाणगंगेसारख्या शेवाळलेल्या तलावात दुपारच्या उन्हात सामू चढतो, रात्री उतरतो. सकाळच्या नमुन्याला दुपार कशी कळणार? दिवसभर मोजणारं यंत्र इथे उपयोगी पडतं. त्याची खरी कमाई अचूकपणापेक्षा सातत्यात आहे.

पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानकाची मर्यादा लिटरला 0.5 मिलिग्रॅम आहे. सांडपाण्याची गोष्ट वेगळी. केंद्राच्या 2015 च्या मसुद्यात मलजल प्रक्रिया केंद्रांसाठी अमोनिया नायट्रोजनची मर्यादा लिटरला 5 मिलिग्रॅम होती; 2017 च्या अधिसूचनेतून ती वगळली गेली. 2019 मध्ये हरित लवादाने एकूण नायट्रोजनसाठी लिटरला 10 मिलिग्रॅमची अट घातली. वरळीला रोज 50 कोटी लिटरचं, धारावीला जवळपास 42 कोटी लिटरचं केंद्र उभं राहतं आहे. यंत्राची अडचण केव्हाच सुटली. आकडा लोकांसमोर ठेवायचा तर सोबत वेळ, भरती-ओहोटी आणि सामूही छापायला हवा; नुसत्या महिन्याच्या सरासरीने खाडीतल्या माशाचं काही भलं होत नाही.