भाकरीचा हिशेब कुणी मांडला?

१०० ग्रॅम ज्वारीच्या पिठाची भाकरी थापली, की तिच्यात साधारण ३५० कॅलरी असतात. हे मोजमाप आलं कुठून, ते आज ऐकूया.

१८९० च्या दशकात अमेरिकेत अ‍ॅटवॉटर नावाच्या शास्त्रज्ञाने माणसांना काही दिवस एका बंद खोलीत ठेवलं. ती काय खातात आणि त्यांच्या अंगातून किती उष्णता बाहेर पडते, ते मोजलं. या उष्णतेचं माप म्हणजे कॅलरी. आपल्याकडे १९३७ साली कुन्नूरहून डॉ. आयक्रॉइड यांनी भारतीय अन्नाचे तक्ते छापले.

पुढे १९७१ मध्ये पुण्याच्या वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी याच मापाने देशातली गरिबी मोजली. माणशी रोज २२५० कॅलरी हवीत, असं धरलं. १९७९ मध्ये सरकारी अभ्यासगटाने गावासाठी २४०० आणि शहरासाठी २१०० धरल्या. गावात अंगमेहनत जास्त, म्हणून.

पण हा हिशेब घराचा. घरातलं सगळं धान्य भागिले माणसं. कुणाच्या ताटात किती पडलं, ते त्यात दिसत नाही. सगळ्यांची जेवणं झाल्यावर टोपल्यात उरलेली अर्धी भाकरी बाई खाते. कागदावर मात्र तिला पूर्ण वाटा मिळालेला असतो.

तर बायांनो, आठवडाभर आपण स्वतः किती भाकऱ्या खाल्ल्या, त्याच्या रेघा चुलीमागच्या भिंतीवर ओढा. गटाच्या बैठकीत त्या रेघा मोजूया.