सातबाऱ्यातील बदल कसा शोधावा?

जालना : सातबारा उतारा जमिनीची आजची स्थिती दाखवितो, ती कशी आली, हे गाव नमुना सहा म्हणजेच फेरफार नोंदवहीतून कळते. वारसा, खरेदी, वाटणी किंवा बोजा यांमुळे होणाऱ्या प्रत्येक बदलास फेरफार क्रमांक मिळतो आणि तोच सातबाऱ्यावर नोंदविला जातो. कमी केलेले नाव कंसात जाते.

जुना व नवा उतारा शेजारी ठेवून नाव, क्षेत्र आणि इतर हक्क हे रकाने ताडावेत. तफावत दिसेल तेथील क्रमांकाचा फेरफार काढावा. बदलाचे कारण त्यात असते. जालन्यासह मराठवाड्यात जुन्या हक्कांचा शोध अनेकदा १९५४-५५च्या खासरा पत्रकापर्यंत न्यावा लागतो.

नवी नोंद लगेच कायम होत नाही. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६च्या कलम १५०नुसार नोटीस निघते. हरकतीसाठी १५ दिवस असतात. त्यानंतर मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतात. ही नोटीस 'आपली चावडी' या संकेतस्थळावरही पाहता येते. केवळ लेखनप्रमाद असल्यास कलम १५५खाली दुरुस्तीचा अर्ज करता येतो. शेत गावी आणि वास्तव्य शहरात असलेल्या वारसांनी ही मुदत विशेष ध्यानात ठेवावी. प्रमाणित झालेल्या नोंदीविरुद्ध मग अपिलाचाच मार्ग उरतो.