इंग्रजीतील रूपवाचक शब्द : प्रतिष्ठेची वाटणी

१९५६ साली ॲरिस्टॉटेलियन सोसायटीच्या अध्यक्षपदावरून केलेल्या भाषणात जे. एल. ऑस्टिन या ऑक्सफर्डच्या तत्त्वज्ञाने सौंदर्यमीमांसकांना जाता जाता एक टोला दिला होता. 'ब्यूटिफुल' हा शब्द काही काळ विसरून त्यांनी 'डेन्टी' आणि 'डम्पी', म्हणजे नाजूक आणि ठेंगणेठुसके, यांसारख्या साध्या शब्दांकडे वळावे, अशी त्याची अपेक्षा होती. मराठीतील सौंदर्यविचारालाही हा टोला लागू पडतो. मर्ढेकरांच्या 'सौंदर्य आणि साहित्य'पासून (१९५५) रा. भा. पाटणकरांच्या 'सौंदर्यमीमांसे'पर्यंत (१९७४) जी समृद्ध चर्चा मराठीत झाली, ती प्राधान्याने 'सौंदर्य' या एका मोठ्या संज्ञेभोवती फिरत राहिली. ही संज्ञा ज्या 'ब्यूटी'चा पर्याय म्हणून वापरली गेली, तिच्या अवतीभवती वावरणाऱ्या 'प्रिटी', 'हँडसम', 'फेअर', 'क्यूट' या बोलीतल्या शब्दांना तत्त्वचर्चेत प्रवेश मिळाला नाही. वास्तविक, रूपाविषयीचे सामाजिक निवाडे याच शब्दांतून होत असतात. रूप कोणाचे, ते कोणी पाहावयाचे आणि पाहिल्यावर त्या व्यक्तीला किती मान द्यावयाचा, या प्रश्नांची उत्तरे या शब्दांच्या इतिहासात साठलेली आहेत.

एक सावधगिरी प्रारंभीच बाळगली पाहिजे. शब्दाचा मूळ अर्थ हाच त्याचा खरा अर्थ, असे मानणे हा व्युत्पत्तीचा हेत्वाभास होय. महत्त्व मूळ अर्थाला नसून अर्थाच्या प्रवासाला आहे. वाटेत काय गळून पडले आणि काय चिकटले, हे पाहावयाचे असते.

'हँडसम' या शब्दात 'हँड' म्हणजे हात आहे. पंधराव्या शतकात त्याचा अर्थ हाताळण्यास सोपे, हाताशी असलेले असा होता. पुढे सोयीचे, योग्य, पुरेसे मोठे असे अर्थ त्याला जडले आणि सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात तो रूपाला लागू झाला. 'हँडसम' रक्कम म्हणजे घसघशीत रक्कम, या वापरात तो जुना अर्थ अजून जिवंत आहे. उपयुक्तता, पुरेपणा आणि औदार्य ही या शब्दाची पूर्वपीठिका होय.

'प्रिटी'ची वाट निराळी. प्राचीन इंग्रजीतील 'प्रॅत्तिग' हा शब्द युक्ती किंवा कावा या अर्थाच्या नामापासून झाला असून, त्याचा अर्थ धूर्त, कावेबाज असा होता. त्यानंतर काही शतके लिखित पुराव्यात तो जवळजवळ दिसत नाही. पंधराव्या शतकात तो पुन्हा वर येतो तेव्हा चतुर, कुशल, छानदार अशा अर्थांनी, आणि लवकरच लहानखुऱ्या, मनाला रिझविणाऱ्या रूपाचा वाचक बनतो. 'बऱ्यापैकी' हा त्याचा क्रियाविशेषणात्मक अर्थही सोळाव्या शतकातलाच. स्त्रीलाच तो लागू व्हावा, असा निर्बंध प्रारंभी नव्हता. स्कॉटिश बोलीत तर शूर, दणकट पुरुषालाही 'प्रिटी मॅन' म्हणत.

शब्दाची अशी वाटचाल ही अपवादात्मक घटना नव्हे. 'अक्यूट'चे आद्याक्षर गळून अठराव्या शतकात तयार झालेला 'क्यूट' आधी तल्लख, चलाख या अर्थाचा होता. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत तो गोंडस या अर्थाने रूढ झाला. धूर्त या अर्थाचा 'कनिंग' हा शब्दही त्याच शतकात अमेरिकन बोलीत लहान मुलांच्या गोडव्यासाठी वापरला जाऊ लागला. तीन शब्दांचा प्रवास एकाच दिशेने झाला, तेव्हा त्यामागे काही नियम असला पाहिजे. ज्याच्या चतुराईचे भय वाटत नाही, त्याची चतुराई गोड वाटते. मराठी आई आपल्या तान्ह्याला कौतुकाने 'लबाड' म्हणते, त्यातही हेच घडते. मात्र तान्ह्याला 'लबाड' म्हणणे आणि प्रौढ स्त्रीच्या रूपाचे वर्णन त्याच जातीच्या शब्दाने करणे यांत अंतर आहे.

या अंतराची स्पष्ट नोंद सॅम्युएल जॉन्सनच्या १७५५ सालच्या कोशात सापडते. जॉन्सनने 'हँडसम'च्या रूपविषयक अर्थात प्रतिष्ठेचा समावेश केला. 'प्रिटी'चा अर्थ देताना मात्र भव्यता आणि प्रतिष्ठा यांच्या अभावावर बोट ठेवले, शिवाय बोलण्यात हा शब्द काहीशा तुच्छतेनेही वापरला जातो, असे नमूद केले. म्हणजे या दोन शब्दांतील भेद त्याच्या दृष्टीने स्त्री-पुरुषांचा नसून प्रतिष्ठेचा होता. प्रतिष्ठा असलेली स्त्री 'हँडसम' ठरू शकत होती.

कोशानंतर दोनच वर्षांनी, १७५७ मध्ये, एडमंड बर्कचा उदात्त आणि सुंदर यांवरील प्रबंध प्रसिद्ध झाला. बर्कने 'ब्यूटी'ची जी लक्षणे सांगितली ती लहानपणा, गुळगुळीतपणा आणि नाजूकपणा ही होत. स्त्रीसौंदर्याचा संबंध तर त्याने थेट दुर्बलतेशी जोडला. भव्यता, सामर्थ्य आणि भय ही उदात्ताच्या वाट्याला गेली. जॉन्सनने 'प्रिटी'ला जे गुण दिले होते, त्यांचीच बर्कने एका तऱ्हेने 'ब्यूटी'च्या सिद्धान्तपदी स्थापना केली. बोलीतील एका दुय्यम शब्दाचा आशय तत्त्वज्ञानातील मुख्य संज्ञेत भरला गेला आणि सुंदर असणे म्हणजे सामर्थ्यहीन असणे, असे समीकरण तयार झाले. मेरी वुलस्टनक्राफ्टच्या नजरेतून हे निसटले नाही. १७९० साली बर्कच्या फ्रेंच राज्यक्रांतीवरील ग्रंथाला उत्तर देताना तिने त्याच्या या जुन्या प्रबंधालाही हात घातला. दुर्बलता हेच स्त्रीचे सौंदर्य असे पटवून दिल्यावर तिने सत्य, धैर्य, विवेक हे गुण कशासाठी जोपासावेत, हा तिच्या युक्तिवादाचा गाभा होता. राजकीय वादात सौंदर्यशास्त्र ओढले गेले, अशी तक्रार येथे करता येत नाही. ते राजकारण त्या लक्षणांतच होते.

हा भेद प्रत्यक्ष व्यवहारात कसा चालत होता, हे जेन ऑस्टिनच्या कादंबऱ्यांइतके सूक्ष्मपणे क्वचितच कोठे दिसते. 'एमा' (१८१५) या कादंबरीच्या पहिल्याच वाक्यात नायिकेला 'हँडसम' म्हटले आहे. तिच्या आश्रयाला आलेली, जन्मदात्यांचा पत्ता नसलेली हॅरिएट स्मिथ 'प्रिटी' आहे. आणि गुणवान पण निर्धन जेन फेअरफॅक्सची ओळख 'एलिगंट' या शब्दाने होते. तिघींचेही रूप वाखाणलेले आहे, परंतु कोणत्या शब्दाने वाखाणावयाचे हे त्यांच्या सामाजिक स्थानापासून अलग नाही. तीस हजार पौंडांच्या वारसदारणीला 'हँडसम' हा शब्द सहज शोभतो. त्या शब्दातला घसघशीतपणा येथे अक्षरशः खरा आहे.

'प्राइड अँड प्रेज्युडिस'मध्ये (१८१३) तर हे शब्द कथानकाच्या पायऱ्याच होतात. पहिल्या नृत्यसमारंभात डार्सी एलिझाबेथला नाकारतो ते ती पुरेशी 'हँडसम' नाही म्हणून. त्या भेटीत तिला 'प्रिटी' म्हणण्यासही तो नाखूष होता, असे निवेदक सांगतो. नंतर तिच्या डोळ्यांची तारीफ करताना तो 'प्रिटी' स्त्री म्हणतो. आणि अखेर पेम्बर्ली येथे, मिस बिंग्लीने डिवचल्यावर, आपल्या परिचयातील सर्वांत 'हँडसम' स्त्रियांमध्ये तिची गणना करतो. आपले मत कित्येक महिन्यांपूर्वीच बदलले होते, असे तो म्हणतो. परंतु वाचकाला ही कबुली ऐकू येते ती एलिझाबेथने त्याला सडेतोड नकार दिल्यानंतर. मधल्या काळात एलिझाबेथचे रूप बदललेले नाही; तिला द्यावयाचा मान बदललेला आहे. मराठी अनुवादात या तिन्ही ठिकाणी 'सुंदर' हा एकच शब्द आला, तर डार्सीचे मतांतर केवळ अभिरुचीचे ठरेल आणि कादंबरीतील नैतिक शिक्षणाची एक पायरी नाहीशी होईल. 'देखणी' आणि 'गोड' यांसारखी जोडी योजून काही साधता येईल. मात्र 'देखणा-देखणी' हा शब्द पाहण्याच्या क्रियेपासून झाला असल्याने त्यात प्रतिष्ठेचा ध्वनी नाही. तो 'रुबाबदार'मध्ये आहे, आणि हा शब्द मराठीत बहुधा पुरुषाच्याच वाट्याला येतो.

इंग्रजीतही पुढे हेच झाले. एकोणिसाव्या-विसाव्या शतकांत 'हँडसम' हळूहळू पुरुषांकडे सरकला. स्त्रीसाठी तो उरला तो प्रौढ, भारदस्त व्यक्तिमत्त्व सुचविण्यापुरता, आणि ऐकणारीला तो गौरव वाटेलच असे नाही. 'प्रिटी' स्त्रीला चिकटला, इतका की पुरुषाला 'प्रिटी बॉय' म्हणणे ही टवाळी ठरली. जॉन्सनने प्रतिष्ठेच्या निकषावर वेगळे केलेले दोन शब्द स्त्री-पुरुषांत वाटले गेले आणि त्या वाटणीत प्रतिष्ठा एकाच बाजूला गेली.

याच्या जोडीला शब्दांचा आणखी एक गट लक्षात घ्यावा लागतो. 'चार्म' हा लॅटिनमधील गीत वा मंत्र या अर्थाच्या शब्दापासून आला. 'फॅसिनेट'च्या मुळाशी करणी करणे, दृष्ट लावणे आहे. आणि 'ग्लॅमर' हे 'ग्रामर'चेच स्कॉटिश रूपांतर, कारण अक्षरविद्या आणि जादूविद्या यांत सामान्यजन फरक करीत नसत. वॉल्टर स्कॉटने प्रचारात आणलेला हा शब्द विसाव्या शतकात चित्रपटसृष्टीने आपलासा केला. मराठीतील 'मोहिनी घालणे' याच कुळातले. या गटात रूपवतीला सामर्थ्य मिळते खरे, पण ते आरोपीचे सामर्थ्य असते. पाहणाऱ्याचा तोल गेला तर दोष मंत्र घालणारीचा.

याउलट टोकाला 'बक्सम' हा शब्द आहे. आज तो भरल्या अंगाच्या स्त्रीचे वर्णन करतो. बाराव्या शतकात त्याचा अर्थ वाकणारा, आज्ञाधारक असा होता. संस्कृत 'नम्र'च्या मुळाशीही वाकणेच आहे. मध्ययुगीन इंग्लंडच्या विवाहविधीत वधू शेजेवर आणि पंगतीत 'बक्सम' राहण्याचे वचन देत असे. १५४९च्या प्रार्थनाग्रंथात तो शब्द गेला आणि त्या जागी स्पष्टपणे आज्ञापालन आले. आज्ञाधारक, मग आनंदी, मग सुदृढ, मग भरदार अशा क्रमाने एका शीलवाचक शब्दाचे देहवाचकात रूपांतर झाले.

या इतिहासाचा मराठी भाषकांशी असलेला संबंध वाङ्मयापुरता नाही. भारतातील इंग्रजी वृत्तपत्रांच्या विवाहविषयक जाहिरातींत दीर्घकाळ वावरलेले दोन शब्द म्हणजे 'फेअर' आणि 'होमली'. प्राचीन इंग्रजीत 'फेअर' म्हणजे केवळ सुंदर. गौरवर्णाचा अर्थ त्यात पुढे मिसळला आणि सोळाव्या शतकापर्यंत दृढ झाला. १६०९ साली प्रसिद्ध झालेल्या शेक्सपिअरच्या सुनीतांपैकी १२७व्या सुनीतात काळ्या वर्णाला सौंदर्याचा मान देताना या शब्दाच्या दुहेरी अर्थाशीच झुंज घेतलेली आहे. भारतात मात्र 'सुंदर' हा अर्थ मागे पडून वर्णच उरला, आणि हिंदुस्थान लीव्हरने १९७५ साली बाजारात आणलेल्या मलमाच्या नावात तो 'लव्हली'च्या शेजारी बसला. २०२० साली त्या नावातून 'फेअर' वगळून 'ग्लो' घालण्यात आला. मराठी जाहिरातींतील 'गोरी' आणि 'सुस्वरूप' यांची जोडीही याच हिशेबातली.

'होमली' अधिक बोलका आहे. ब्रिटनमध्ये तो साधेपणा आणि घरगुती ऊब सुचवितो, अमेरिकेत रूपहीनता, आणि भारतीय इंग्रजीत 'गृहकृत्यदक्ष'. अमेरिकन वाचकाला हसू यावे असा हा शब्द येथे वधूचा गुण म्हणून छापला गेला. परंतु त्याला चूक म्हणून भागणार नाही. 'बक्सम'मधून जो आज्ञाधारकपणा केव्हाच गळून गेला होता, त्यासाठी भारतीय विवाहबाजाराने एक दुसरा इंग्रजी शब्द शोधून काढला, इतकेच.

'सौंदर्य म्हणजे काय?' हा प्रश्न त्यामुळे निरर्थक ठरत नाही. तो विचारणाऱ्याने मात्र हे ध्यानी ठेवले पाहिजे की त्या संज्ञेखाली अनेक लहान शब्द गाडले गेलेले आहेत आणि त्यांतील प्रत्येकाने कोणाला तरी मान दिला आहे किंवा नाकारला आहे. समीक्षक आणि अनुवादक जेव्हा या सर्वांवर 'सुंदर' हे एकच पांघरूण घालतात, तेव्हा हा हिशेब त्यांच्या हातून पुसला जातो. मराठीतील 'देखणा', 'गोंडस', 'रुबाबदार', 'मोहक', 'सुस्वरूप' या शब्दांचा असा हिशेब अजून मांडला जावयाचा आहे. आजच्या मराठी बोलण्यात 'क्यूट' आणि 'हँडसम' हे दोन्ही शब्द घरचे झाले आहेत. त्यांच्याबरोबर प्रतिष्ठेची ती जुनी वाटणीही घरात आली आहे.