सेकंड डिव्हिजन (तळटीप)

१२. सेकंड डिव्हिजन : म्हणजे आय-लीगची दुसरी श्रेणी, मजकुरातला हंगाम तिचा पहिलाच, २००८चा. आय-लीग २००७-०८मध्ये १० संघांनिशी सुरू झाली. तळाचे दोघे, गोव्याचा साळगावकर आणि व्हिवा केरला, खाली घसरले; पण पुढच्या हंगामात १२ संघ खेळवायचे ठरल्याने वर चार जागा निघाल्या. त्या मुंबई एफसी, मोहम्मडन स्पोर्टिंग, चिराग युनायटेड आणि वास्को यांनी पटकावल्या. (पैकी मुंबईचा क्लब जेमतेम वर्षभराचा होता.) मोहम्मडन आणि वास्को मात्र वर्षभरातच पुन्हा खाली आले. लेखकाने हिणवलेला साळगावकर २००९मध्ये परत वर चढला आणि २०१०-११ची आय-लीगच जिंकून बसला.