लांबच्या सागरप्रवासाची तयारी आणि लिंबाचा हिशेब

नोकरीतून वर्षभराची रजा घ्यायची आणि शिडाच्या बोटीने महासागर पार करायला निघायचं, हे वेड आता फक्त युरोप-अमेरिकेचं राहिलेलं नाही. नौदलाचे दिलीप दोंदे यांनी 2009-10 मध्ये गोव्यात बांधलेल्या 'म्हादेई'तून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा पूर्ण केली. असा प्रवास ठरवणारे लोक डॉक्टरला विचारतात ते औषधांच्या पेटीबद्दल: कोणतं अँटिबायोटिक न्यायचं, बोट लागली तर कोणती गोळी घ्यायची. खाण्याबद्दल फारसं कुणी विचारत नाही. पण शिडाच्या जहाजांवर सर्वात जास्त माणसं मेली ती वादळाने नव्हे, तोफांनीही नव्हे. ती मेली स्कर्व्हीने, म्हणजे क जीवनसत्त्वाच्या अभावाने.

सप्टेंबर 1740 मध्ये जॉर्ज अ‍ॅन्सन सहा युद्धनौका आणि दोन मालवाहू जहाजं घेऊन इंग्लंडहून निघाला. माणसं सुमारे 1,900. तयारी कशी होती पाहा. सैनिक कमी पडले म्हणून चेल्सीच्या सैनिकी आश्रमातल्या 500 पेन्शनरांना जहाजावर चढवायचा हुकूम निघाला. ज्यांच्या पायात बळ होतं ते पळून गेले. उरले सुमारे अडीचशे, बहुतेक साठीच्या पुढचे. शिधा म्हणजे खारवलेलं मांस, वाळलेले वाटाणे आणि कडक बिस्किटं. पोट भरत होतं, पण क जीवनसत्त्व जवळजवळ शून्य.

1744 मध्ये प्रदक्षिणा पूर्ण करून परतलं ते एकच जहाज, 'सेंच्युरियन'. त्या मोहिमेत तेराशेहून अधिक माणसं रोगांनी गेली, शत्रूच्या हातून मोजून चार. जहाजावरच्या पाद्र्याच्या नावाने निघालेल्या वृत्तांतात एका म्हाताऱ्या शिपायाची हकीकत आहे. पन्नास वर्षांपूर्वी लढाईत झालेल्या त्याच्या जखमा पुन्हा उघडल्या, आणि कधीच जुळून आलेलं हाड परत सुटलं. वाचताना अतिशयोक्ती वाटते, पण ती नाही. जखमेचा व्रण कोलॅजेन नावाच्या प्रथिनाने धरून ठेवलेला असतो. ते सतत झिजतं आणि सतत नव्याने बनतं. बनवायला क जीवनसत्त्व लागतं. ते संपलं की झीज चालू राहते आणि भर थांबते. हिरड्या सुजून रक्त येणं, दात हलणं, अंगावर काळेनिळे डाग पडणं, सगळं याच कारणाने. आपलं शरीर हे जीवनसत्त्व स्वतः बनवत नाही, आणि साठा एक ते तीन महिन्यांत संपतो.

20 मे 1747 रोजी 'सॅलिसबरी' जहाजावर जेम्स लिंड या डॉक्टरने 12 रुग्ण निवडले आणि दोघादोघांना वेगवेगळे उपचार दिले: सफरचंदाची दारू, पातळ केलेलं गंधकाम्ल, व्हिनेगर, समुद्राचं पाणी, लसूण-मोहरी वगैरेंचं चाटण, आणि एका जोडीला रोज दोन संत्री व एक लिंबू. सहा दिवसांत फळं संपली, पण तेवढ्यात त्या जोडीतला एक जण कामावर जाण्याइतका बरा झाला होता.

इथे गोष्ट संपायला हवी होती, पण संपली नाही. लिंडला स्वतःलाच आपल्या निष्कर्षाचं पूर्ण मोल कळलेलं दिसत नाही. 1753 च्या त्याच्या जाडजूड ग्रंथात हा प्रयोग थोडक्या जागेत उरकला आहे. त्याहून वाईट म्हणजे रस टिकावा म्हणून त्याने तो तासन्‌तास आचेवर आटवून काकवीसारखा दाट करायला सांगितला. उष्णतेने क जीवनसत्त्व नासतं. बाटलीत चव राहिली, औषध बरंचसं उडून गेलं. ब्रिटिश नौदलाने सगळ्यांना लिंबाचा रस द्यायला सुरुवात केली ती 1795 मध्ये, आणि मग स्कर्व्ही झपाट्याने कमी झाली.

पुढचा घोटाळा आपल्या लिंबाशी जोडलेला आहे. 1860 च्या दशकात भूमध्य समुद्राकडच्या मोठ्या पिवळ्या लिंबांऐवजी वेस्ट इंडीजची छोटी हिरवी लिंबं घेतली गेली. ती आपल्या कागदी लिंबाच्याच जातीतली. त्यांत क जीवनसत्त्व बरंच कमी, त्यात साठवणीत आणखी घट. 1875 च्या आर्क्टिक मोहिमेत रस सोबत असूनही स्कर्व्ही झाली, आणि लिंबावरचा विश्वासच डळमळला. आंबटपणा म्हणजे गुण, असा सगळ्यांचा समज होता. (आजही आहे. पेरू लिंबापेक्षा गोड, पण क जीवनसत्त्व त्यात कितीतरी पट जास्त.) हे नेमकं द्रव्य हाती लागायला 1932 साल उजाडलं.

तेव्हा तुमच्या यादीत काय हवं? किनारा सोडल्यावर पहिले दोन-तीन आठवडे ताजी फळं पुरतील. पुढे मूग भिजवून मोड आणा. शंभर ग्रॅम मोडांत साधारण 13 मिलिग्रॅम क जीवनसत्त्व असतं, आणि स्कर्व्ही टाळायला दिवसाला 10 पुरतं. गोड्या पाण्याने नीट धुवा, फार तर किंचित वाफ दाखवा, उसळ करून रटरट शिजवू नका. शिवाय गोळ्या न्या, हवाबंद डबीत. मात्र रोज एक-दोन ग्रॅमचा मारा करू नका, मूतखड्याचा धोका वाढतो. आणि निघण्याआधी दंतवैद्याकडे जाऊन या. हिरड्या आधीच सुजलेल्या असतील, तर समुद्रावर रक्त कशाने येतंय ते तुम्हाला कळणार नाही.

स्कर्व्ही अजूनही दिसते, आणि त्यासाठी समुद्रावर जावं लागत नाही. घरात एकटे राहणारे, चहा-बिस्किटं आणि दूध-पोळीवर दिवस काढणारे आजी-आजोबा असतील, तर त्यांच्या पायांवर बारीक लाल ठिपके किंवा न लागता उमटलेले डाग आहेत का, एकदा पाहा. असतील तर डॉक्टरांना दाखवा, आणि ते रोज काय जेवतात तेही सांगा.