विंपल

विंपल : जर्मनभाषक ज्यू कुटुंबांत मुलाच्या सुंतेच्या कापडातून शिवला जाणारा, तोरा या ज्यू धर्मग्रंथाच्या गुंडाळीभोवती बांधायचा पट्टा. काही ठिकाणी त्याला ‘मापा’ म्हणतात.

मुलगा आठ दिवसांचा झाला की सुंता होते. त्या वेळचे लिननचे दुपटे धुऊन त्याच्या चार पट्ट्या कापत आणि टोकाला टोक जोडून तीनेक मीटर लांब, वीतभर रुंद पट्टा शिवत. आई किंवा आजी त्यावर रंगीत रेशमाने हिब्रू अक्षरे भरी. मजकूर ठरलेला : मुलाचे व वडिलांचे नाव, जन्मतिथी आणि तोरा, विवाह व सत्कर्मे लाभोत हा आशीर्वाद. आईचे नाव सहसा नसे. टाके तेवढे तिचे.

हौस चित्रांत दिसते. मूल शुभ ‘मझाल’वर जन्मले, असे लिहिण्याची रीत. मझाल म्हणजे मुळात रास. म्हणून त्या शब्दाशेजारी जन्ममासाची रास येई, कधी मासे, कधी विंचू. विवाहाच्या शब्दापाशी मंडपाखाली नवरा-नवरी. मुलाचे नाव आर्ये असेल तर सिंह, त्स्वी असेल तर हरीण. पुढे भरतकामाऐवजी रंगवलेले पट्टेही आले.

प्रथेचे मूळ माइन्त्सचे धर्मगुरू याकोब मोलिन (मृत्यू १४२७) यांच्याशी जोडतात. एका सुंतेत कापड हाताशी नव्हते. त्यांनी तोराचा पट्टाच वापरू दिला, मात्र तो धुऊन, सिनेगॉगला देणगीसह परत करायला लावला, अशी कथा आहे.

मूल तीनेक वर्षांचे झाले, लंगोट सुटला, की शनिवारी वडील त्याला सिनेगॉगमध्ये नेतात. वाचन संपल्यावर गुंडाळीला विंपल बांधतात. टोक धरायचा मान मुलाचा. तोच पट्टा तेराव्या वर्षी बार मित्झ्वा या वयात येण्याच्या विधीला आणि लग्नाआधीच्या शनिवारी पुन्हा निघतो. एरवी तो सिनेगॉगच्या पेटीत. त्यामुळे अशी पेटी म्हणजे गावातल्या मुलग्यांची जन्मनोंदवहीच. नोव्हेंबर १९३८ मध्ये नाझींनी सिनेगॉग जाळले, त्यांत अशा कित्येक वह्या गेल्या. निर्वासितांनी ही चाल न्यूयॉर्कच्या वॉशिंग्टन हाइट्स भागात नेली.

मुलींना विंपल नसे. दक्षिण जर्मनीत त्यांच्या वाट्याला होलेक्राइश येई : जमलेली पोरे पाळणा तीनदा उचलून मोठ्याने नाव पुकारत. बारशाच्या ‘कुर्रर्र’ची आठवण यावी असाच हा गोंगाट, तो मुलग्यांसाठीही होई. अलीकडे काही घरांत मुलींसाठीही विंपल शिवतात.