आयर्लंडमधील गळाची मासेमारी : प्रवाशांसाठी मार्गदर्शन

कोकणच्या खाडीकाठी वाढलेल्या माणसाला गळ टाकण्याचे शिक्षण वेगळे घ्यावे लागत नाही. पावसाळ्यात ओढ्याच्या तोंडाशी काठी, दोरी आणि गरी घेऊन बसणे हा तिथल्या बालपणाचाच भाग असतो, आणि गळाला लागलेला मासा संध्याकाळी कालवणात जातो, यात कोणाला काही विशेष वाटत नाही. आयर्लंडमध्ये सुटीसाठी आलेल्या किंवा नोकरीनिमित्त स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांना नद्या, सरोवरे आणि समुद्र यांचे हे वैभव पाहून गळाची आठवण होणे स्वाभाविक आहे. मात्र या देशात कोणता मासा, कोणत्या पाण्यात, कोणत्या महिन्यात धरावा आणि धरल्यावर घरी न्यावा की परत सोडावा, याविषयी काटेकोर कायदे आहेत. अज्ञानामुळे झालेले उल्लंघनही दंडनीय ठरू शकते. म्हणून गळ पाण्यात पडण्यापूर्वीच ही माहिती असणे आवश्यक आहे.

पाण्याचे तीन प्रकार

आयर्लंडमधील हौशी मासेमारीचे ढोबळमानाने तीन भाग पडतात. पहिला भाग सामन आणि समुद्री ट्राउट यांचा. हे मासे गोड्या पाण्यात जन्मतात, समुद्रात वाढतात आणि अंडी घालण्यासाठी पुन्हा नदीत परततात. दुसरा भाग गोड्या पाण्यातील तपकिरी ट्राउट, पाइक, ब्रीम, रोच इत्यादींचा आणि तिसरा समुद्रकिनाऱ्यावरील मासेमारीचा.

आयर्लंडच्या प्रजासत्ताकात सरकारी परवाना लागतो तो सामन आणि समुद्री ट्राउट यांच्यासाठी. तो वर्षाचा, २१ दिवसांचा किंवा एका दिवसाचाही मिळतो. गळाची साधने विकणाऱ्या दुकानांत किंवा ‘इनलँड फिशरीज आयर्लंड’ या सरकारी संस्थेच्या संकेतस्थळावर तो विकत घेता येतो. ही संस्था २०१० मध्ये मध्यवर्ती मंडळ आणि सात प्रादेशिक मंडळे एकत्र करून स्थापन झाली. तपकिरी ट्राउट, पाइक आणि समुद्रातील मासे यांना सरकारी परवाना लागत नाही. तरीही नदीचा काठ किंवा मासेमारीचा हक्क एखाद्या क्लबच्या किंवा खाजगी मालकाच्या ताब्यात असू शकतो आणि तेथे त्यांचा परवाना वेगळा घ्यावा लागतो. ‘पाणी दिसले म्हणून गळ टाकला’ ही सवय येथे चालत नाही.

उत्तर आयर्लंडचा कायदा निराळा आहे. तेथे बारा वर्षे व त्यावरील प्रत्येकाला गोड्या पाण्यातील मासेमारीसाठी परवाना लागतो. फॉइल आणि कार्लिंगफर्ड या सीमेवरील पाणलोटांचा कारभार १९९८ च्या शांतता करारानंतर उभ्या राहिलेल्या ‘लॉफ्स एजन्सी’ या दोन्ही बाजूंच्या संयुक्त संस्थेकडे आहे. डोनेगलमध्ये सुटी घालवणाऱ्यांनी आपली नदी कोणाच्या अखत्यारीत येते, हे आधी विचारून घ्यावे.

सामन : मान आणि बंधने

आयरिश संस्कृतीत सामनला विशेष स्थान आहे. बॉइन नदीतील ज्ञानी सामनाची चव चाखून फिन मॅक कूल हा वीर सर्वज्ञ झाला, ही कथा तेथील मुले लहानपणीच ऐकतात. १९२८ च्या नाणेमालेतील फ्लोरिनवर सामनचेच चित्र होते. परंतु हा मासा आता संकटात आहे. १९७५ मध्ये आयरिश किनाऱ्याकडे परतणाऱ्या सामनांची संख्या १७ लाखांहून अधिक असल्याचा अंदाज होता. २०२२ मध्ये ती सुमारे १ लाख ७१ हजारांवर आली. समुद्रात तरंगती जाळी लावून सामन धरण्यावर २००७ पासून बंदी आहे.

या पार्श्वभूमीवर दरवर्षी प्रत्येक नदीची तपासणी होऊन तिचे वर्गीकरण जाहीर होते : मासा ठेवता येईल अशा नद्या, मासा धरून सोडावा लागेल अशा नद्या आणि पूर्णपणे बंद नद्या. दुसऱ्या प्रकारच्या नद्यांत काटे नसलेल्या गरीच वापराव्या लागतात आणि गांडूळ आमिष म्हणून चालत नाही. जेथे मासा ठेवता येतो तेथे परवान्याबरोबर मिळालेली खुणेची पट्टी माशाला तत्काळ लावावी लागते आणि नोंदवहीत नोंद करावी लागते. गळाने धरलेला सामन विकणे हा गुन्हा आहे. त्यामुळे कोणी स्वस्तात ‘ताजा नदीतला सामन’ देऊ केला तर तो घेऊ नये. मेयो परगण्यातील बॅलिना गावातून वाहणारी मॉय नदी सामनसाठी सर्वांत प्रसिद्ध आहे. हंगाम नदीनुसार बदलतो. बहुतेक ठिकाणी तो सप्टेंबरअखेर संपतो.

सरोवरे आणि मे महिन्यातील माशी

पश्चिमेकडील लॉफ कॉरिब आणि लॉफ मास्क ही सरोवरे तपकिरी ट्राउटसाठी विख्यात आहेत. मे महिन्यात ‘मेफ्लाय’ नावाची नाजूक माशी पाण्यातून वर येते. पंख फुटल्यावर तिचे आयुष्य जेमतेम एक-दोन दिवसांचे असते. या काळात ट्राउट पृष्ठभागावर येतो आणि स्थानिक लोक लांब काठी व हलक्या रेशमी दोरीला जिवंत माशी लावून ती वाऱ्यावर पाण्याला नुसती स्पर्शू देतात. नवख्याने स्थानिक नावाड्याबरोबर जावे. या सरोवरांत पाण्याखाली खडक आहेत आणि वारा अचानक वाढतो.

पाइक दिवसाला एकच आणि तोही ५० सेंटिमीटरपर्यंतचाच ठेवता येतो. जिवंत मासा आमिष म्हणून वापरण्यास मनाई आहे. वाम, म्हणजे ईल, धरून ठेवण्यास २००९ पासून बंदी आहे. तो चुकून गळाला लागल्यास लगेच सोडून द्यावा.

समुद्रकाठ

नवख्या कुटुंबासाठी सर्वांत सोपा आरंभ म्हणजे उन्हाळ्यातील मॅकरेल. हा आपल्या बांगड्याचाच अटलांटिक भाऊबंद. जून ते सप्टेंबर या काळात त्याचे थवे किनाऱ्याजवळ येतात आणि डब्लिनजवळील हाउथ किंवा डन लेरीच्या धक्क्यांवरूनही तो मिळतो. एका दोरीवर पिसे लावलेल्या चार-सहा गरी आणि टोकाला शिसे, एवढे साधन पुरते. जूनमध्ये रात्री दहाच्या सुमारासही उजेड असतो, त्यामुळे संध्याकाळची भरती साधता येते. बांगड्याप्रमाणेच मॅकरेल लवकर खराब होतो. धरताच बर्फात ठेवावा आणि घरी लागतील तेवढेच मासे घ्यावेत. त्याच दिवशी केलेल्या तिखल्यात तिरफळ घातले तर कोकण फार दूर वाटत नाही.

सी-बास या माशासाठी किमान लांबी ४२ सेंटिमीटर असून दिवसाची मर्यादा व बंद महिने दरवर्षी ठरतात. ते तपासूनच जावे. खडकांवरील शिनाणे किंवा कालवे मनाने गोळा करून खाऊ नयेत. त्यांत सांडपाण्याचे जंतू किंवा शैवालजन्य विष साठलेले असू शकते आणि ते विष शिजवूनही जात नाही.

जीव सांभाळावा

अटलांटिकच्या खडकांवर समुद्र शांत दिसत असतानाही मोठी लाट अवचित येते. समुद्राकडे पाठ करून उभे राहू नये, ओल्या काळ्या खडकावर पाय देऊ नये, एकट्याने जाऊ नये. उधाणाच्या दिवसांत परतीची वाट भरतीने बुडते, हे खाडीकाठच्या माणसाला सांगावे लागू नये. सात मीटरपेक्षा लहान होडीत तरंगजाकीट घालणे कायद्याने सक्तीचे आहे. संकटकाळी ११२ किंवा ९९९ वर दूरध्वनी करून तटरक्षक दल मागावे.

सोडण्याची रीत

मासा परत सोडायचा असेल तर हात आधी ओले करावेत, तो शक्यतो पाण्यातच ठेवून गरी काढावी, कल्ल्यांना बोट लावू नये आणि तोंड प्रवाहाकडे करून तो स्वतःहून पोहू लागेपर्यंत हलकेच आधार द्यावा. एका पाण्यातून दुसऱ्या पाण्यात जाताना जाळी, बूट व होडी धुऊन पूर्ण वाळवावीत. १९९०च्या दशकात आलेला झेब्रा शिंपला होड्यांना चिकटूनच शॅननच्या सरोवरांत पसरला. बेकायदा मासेमारी दिसल्यास ०८१८ ३४ ७४ २४ या क्रमांकावर कळवता येते.

धरलेला मासा परत सोडणे मराठी मनाला प्रथम विचित्र वाटते. पण अंडी घालण्यासाठी परतलेला एक सामन सोडला, तर त्या नदीची पुढली पिढी सोडली असा त्याचा अर्थ होतो. ताटातला मासा उन्हाळ्यात धक्क्यावर मिळतो. नदीतला मासा नदीसाठी राहू द्यावा.